आंबोणगडचा उत्तर बुरूज

बुरूज तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा मी खाणीत बाबांच्या शेजारी बसून दगडात पाचरी ठोकत होते. आवाज नंतर आला. आधी पायाखालचा खडक शहारला, माशी बसल्यावर घोड्याची कातडी शहारते तसा, आणि मग वरून धुळीचा लोट आमच्याकडे उतरत आला. बाबांनी हातातली सुतकी, पाथरवटाचा हातोडा, खाली ठेवली. वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

"गेला," ते म्हणाले.

माझे बाबा आंबोणगडचे मुख्य पाथरवट. गडाला तिन्ही बाजूंनी ताशीव कडे आहेत. उत्तरेला मात्र डोंगराची सोंड हळूहळू खाली उतरते, आणि ज्याला गड घ्यायचा असेल तो तिथूनच येणार. नदीपलीकडे शत्रूची छावणी पडली होती. पूर ओसरला की, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, ते नदी ओलांडणार हे लहान पोरंही सांगत. खालच्या गावांतली माणसं गुरंढोरं घेऊन गडावर आली होती. आणि उत्तरेचा बुरूज काही केल्या उभा राहत नव्हता.

आम्ही धावत वर गेलो. धुळीत काही दिसत नव्हतं. मग त्या पांढुरक्या ढगातून एक जण बाहेर आला. पाठीवर त्यानं एका पोरसवद्या गवंड्याला घेतलं होतं, आणि दोघंही चुन्यानं माखून एकाच रंगाचे झाले होते. पोराचा पाय मोडला होता. त्याला खाली ठेवून तो ताठ झाला, डोळे पुसले, आणि गर्दीत कुणाला तरी शोधू लागला. मी दिसल्यावर थांबला.

त्याला सगळे कोकण्या म्हणत. घाटाखालच्या एका खाडीकाठच्या गावातून तो कामाला आला होता. जातीनं पाथरवटच, पण आमच्यात त्याचं कुणी नव्हतं. हात मात्र असा की बाबा, जे कुणाचं कौतुक करत नसत, त्याच्या दगडावरून नुसता तळवा फिरवत आणि पुढं जात. तो स्वतः घडवलेल्या प्रत्येक दगडाच्या आतल्या अंगाला, जे अंग चुन्यात बुजून जातं तिथं, छिन्नीनं एक लहानसा मासा काढायचा.

"हा आत कोण बघणार?" मी एकदा विचारलं होतं.

"दगड बघेल गो," तो म्हणाला होता. "त्याला काय, दुसरं काम आहे?"

तो थट्टेनं बोलला, पण माझ्या अंगावर काटा आला. कारण दगड बघत नसला तरी बोलतो हे मला ठाऊक होतं.

हे माझ्या आईकडून आलं. आईच्या आईकडून तिला. दगडाला कपाळ टेकलं की आम्हाला ऐकू येतं. शब्द नसतात त्यात, पण पोटातून अर्थ कळतो, जसा पाळण्यातल्या पोराचा कळतो. आई मला लहानपणीच बजावून गेली होती, "ऐकावं. बोलू नये. जो शब्द दगडाला दिलास तो दगड ठेवून घेतो. परत तुझ्या तोंडात येत नाही." माझ्या आईला 'पाणी' म्हणता येत नसे; तो शब्द एका विहिरीच्या दगडांत राहिला, एवढंच ती सांगायची. ती तांब्याकडे बोट करून "ते दे" म्हणायची. वस्तीतल्या बायका हसत, बाईला खोड आहे म्हणत. आई त्यांच्याबरोबर हसायची.

वस्तीत मी एकटीच कोकण्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायचे. त्यानंच एकदा सांगितलं होतं, "सगळी कोकण्या कोकण्या करतात. घाट चढल्यापासून नाव ऐकलं नाही मी." मग मी हाक मारू लागले. आधी कामापुरती, मग उगाचच. बुरूज उभा राहिला की तो बाबांकडे माझ्यासाठी शब्द टाकणार होता. पाडव्याच्या आतच टाकला असता, पण तेव्हाच बुरूज पहिल्यांदा कोसळला, आणि बाबांपुढं लग्नाची गोष्ट काढायला कुणाची जीभ रेटली नाही.

त्या दुपारी, गर्दी पांगल्यावर, मी कोसळलेल्या ढिगाऱ्यातल्या एका दगडाला कपाळ टेकलं. दगड अजून ऊन होता. आत फक्त एकच गोष्ट चालली होती, हरवलेल्या वासरासारखी: आम्ही कुणाला धरून राहू? कुणाला धरून राहू?

मी बाबांना सांगितलं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की कळ आली.

"हे पुन्हा बोलू नकोस. कुणापाशीच नाही. चेटकीण म्हणून कड्यावरून लोटतील तुला."

पण जे मी ऐकलं तेच, निराळ्या वाटेनं, देवळातल्या गुरवालाही ऐकू आलं असावं. तो वाईट माणूस नव्हता. तीन दिवस उपाशी बसून तो देवीला विचारत राहिला, आणि मग किल्लेदारापुढं जाऊन म्हणाला, "डोंगराला धरायला माणूस पाहिजे. बुरजावर राबलेला, बिनलग्नाचा. पायाच्या दगडांत जिवंत चिणला तर बुरूज टिकेल."

किल्लेदार सुभानराव म्हणजे बोलायला तुटक, पण सरळ माणूस. त्यांनी सगळ्यांना देवळापुढं बोलावलं. मला तो सकाळचा उजेड अजून आठवतो. देवीच्या खांद्यांवर गुरवानं ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. एकेका तरण्या माणसाचं नाव घ्यायचं आणि पाकळी कुठली पडते ते बघायचं.

"आधी माझा मुलगा," सुभानराव म्हणाले.

त्यांचा मुलगाही बुरजावर दगड वाहत होता. लोकांत कुजबूज झाली. गुरवानं त्याचं नाव घेतलं. बराच वेळ काहीच झालं नाही, मग डावी पाकळी पडली. नको. सुभानरावांनी डोळे मिटले आणि उघडले, तेवढंच. मग दुसरा, तिसरा. डावी, डावी. मग गुरवानं कोकण्याचं नाव घेतलं, खरं नाव, आणि ते संपायच्या आतच उजवी पाकळी टपकन खाली आली.

कुणी रडलं नाही. त्याचं तिथं कुणी नव्हतं.

"राजीखुशीनं पाहिजे," गुरव खालच्या आवाजात म्हणाला. "जबरदस्तीचा जीव देवी घेत नाही."

सुभानराव कोकण्यासमोर जाऊन उभे राहिले. "पोरा, मी तुला हुकूम देणार नाही. नाही म्हण, आणि खाली उतरून जा. तुझ्यामागं कुणाला पाठवणार नाही."

त्यानं आजूबाजूला बघितलं. देवळाच्या ओट्यावर तो मोडक्या पायाचा गवंडी पोर बसला होता. त्याच्या मागं खालच्या गावांतल्या बाया, कडेवरची पोरं, टोपल्यांत कोंबड्या.

"मी उतरलो तर परत कौल लावणार ना?" त्यानं विचारलं.

"लावावा लागेल," सुभानराव म्हणाले.

"मग राहतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सूर्य माथ्यावर असताना, काम करायचं ठरलं. सकाळी मी भाकरी घेऊन देवळात गेले. पहारेकरी ओळखीचा होता, तो पाठ फिरवून उभा राहिला. कोकण्या खांबाला टेकून बसला होता. भाकरीकडं त्यानं बघितलं नाही.

"पळून जा म्हणशील," तो म्हणाला.

"म्हणणार होते."

"नको म्हणू गो. जाईन मी. तू म्हणालीस तर खरंच जाईन, आणि मग त्या लंगड्या पोरावर पाकळी पडेल."

मी त्याच्याशेजारी बसले. त्याचा हात गार होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आयेला सांग, दगड पडून मेला म्हणावं. हे असं नको सांगूस."

"तूच सांग तिला काय सांगायचं ते."

"एकदा हाक मार," तो म्हणाला. "नावानं."

मी मारली. तो हसला. "परत." परत मारली. किती वेळा मारली ते मला सांगता येणार नाही. पहारेकरी खाकरला तेव्हा थांबले.

तिथून उठले ती थेट बाबांकडं. ते ओळंब्याची दोरी गुंडाळत बसले होते, परत उलगडून परत गुंडाळत.

"बाबा, आई विहिरीत काय बोलली होती?"

त्यांचे हात थांबले. ही गोष्ट आमच्यात कधी निघाली नव्हती.

"तू पोटात होतीस," ते शेवटी म्हणाले. "दुष्काळाचं साल होतं. विहीर आणखी खोल करायला आम्ही दोघं उतरलो होतो. वरचं बांधकाम सुटलं. मी बघितलं, दगड निघालेले, वाकलेले. ती भिंतीला कपाळ टेकून काहीतरी पुटपुटली, आणि ते तिथल्या तिथं थांबले. आम्ही दोर धरून वर आलो. अजून तसेच वाकलेले आहेत ते, जाऊन बघ." त्यांनी दोरीचा एक पीळ उलगडला. "त्या साली पाण्याहून जड शब्द तिच्यापाशी नव्हता, पोरी. हलका शब्द दगड घेतो आणि गप बसतो, असं ती म्हणायची. जड लागतो."

"मला चुन्याची पाटी घेऊन खाली उतरू द्या."

"आणि कुणी बघितलं तर?"

"तुम्ही माझ्यापुढं उभे राहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असे बघत नसत. मग त्यांनी दोरी खिशात घातली आणि उठले.

दुपारी सगळा गड उत्तरेला जमला होता. ढोल वाजत होते, सनई नव्हती. त्याला आंघोळ घातली होती, हळद लावली होती, गळ्यात झेंडूची माळ होती. नवरदेवच दिसत होता. पायाच्या खड्ड्यात एक कोनाडा सोडला होता, माणूस उभा राहील एवढा. तो स्वतःच्या पायानं चालत गेला आणि आत पाठ टेकून उभा राहिला. पहिला दगड मुख्य पाथरवटानं लावायचा, म्हणजे बाबांनी.

मी डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन खाली उतरले. चुना वाहायचं काम बायकांचंच, त्यामुळं कुणी काही म्हणालं नाही. बाबा मधे आले, रुंद पाठ वरच्या लोकांकडे करून. मी पाटी ठेवली, कोनाड्याच्या कडेच्या मोठ्या दगडापाशी गुडघे टेकले, आणि कपाळ लावलं.

तो अजूनही तेच विचारत होता. कुणाला धरून राहू?

आधी मी त्याला माझं नाव दिलं. माझ्याच नावानं बुरूज उभा राहावा, असं वाटलं. ओठ दगडाला लावून हळूच म्हटलं. दगडानं ते घेतलं. जिभेवरून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं, दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते आणि तिथं काहीच नसतं तसं. आणि दगड गप राहिला. माझं नाव मलाच तेवढं जड नव्हतं.

वरून गुरवाचा आवाज आला, "वेळ होतेय."

"चुना लागतोय," बाबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला.

मी मान वर केली. कोनाड्यातून तो माझ्याकडे बघत होता. एक हात अंतरावर. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण तो हललाही नाही. त्याच्या भुवईवरची हळद घामानं ओघळत होती. तेव्हा मला कळलं माझ्यापाशी जड काय आहे ते. ते दिलं तर तो जगेल आणि मी त्याला पुन्हा कधी हाक मारू शकणार नाही. मी क्षणभर थांबले. आज कुणी विचारलं की इतकी कशाला थांबलीस, तर मला सांगता येणार नाही. मग मी कपाळ टेकलं आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण, जसं त्याच्या आयेनं ठेवलं होतं तसं.

डोंगराच्या पोटात काहीतरी बसलं. म्हैस थकून खाली बसते आणि श्वास सोडते, तसा एक आवाज खालून वर आला. खड्ड्यातले रचलेले दगड एकमेकांकडे सरकले, केसाएवढे, आणि घट्ट झाले. कोनाड्याच्या कडा आत दाबल्या गेल्या. बाबांनी त्याला दंडाला धरून ओढलं म्हणून तो मधे सापडला नाही. ओला चुना सांध्यांतून बाहेर आला. मग सगळं शांत. ढोलही थांबले होते.

सुभानराव खाली उतरले. त्यांनी पहार घेतली, सांध्यात घातली आणि सगळा भार टाकला. पहार वाकली.

"आणखी दोघं या," ते म्हणाले. तिघांनी मिळूनही दगड हलला नाही.

गुरव खड्ड्याच्या काठावर उभा होता. तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याला रडू फुटलं. "हळद घेतली," तो म्हणाला. "देवीनं हळद घेतली. जीव नको म्हणाली." लोकांनी देवीचा जयजयकार केला. सुभानरावांनी मात्र एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळाला चुना लागलेला होता. जाता जाता बाबांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, बस्स.

त्या संध्याकाळी कोकण्या आमच्या खोपटापाशी आला. हळद धुतली होती तरी अंग पिवळंच दिसत होतं.

"तू माझं नाव घेतलंस," तो म्हणाला. "मी ऐकलं. मग दगड हलले."

मी मान हलवली.

"परत घे."

मी तोंड उघडलं. मला ते नाव माहीत होतं, अजून आहे. पण जिभेपर्यंत यायला त्याला वाटच नव्हती. मी तशीच उभी राहिले. त्यानं मला पुन्हा विचारलं नाही. तो उंबऱ्यावर बसला, आणि मी त्याला आईची गोष्ट सांगितली, तांब्याकडे बोट करून "ते दे" म्हणण्याची, आणि त्याच्या नावाआधी माझंही नाव दगडानं घेतलं ते. सांगून झाल्यावर बराच वेळ तो दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता.

दसऱ्यानंतर शत्रू आला. सोंडेवर त्यांनी तोफा चढवल्या, आणि सगळा हिवाळा उत्तर बुरजावर गोळे पडत राहिले. बुरजाचे टवके उडाले, पण तो हलला नाही. शिमग्याच्या आधी ते छावणी उचलून निघून गेले. खालच्या गावांतली माणसं गुरं घेऊन परत उतरली.

आमचं लग्न घाटाखाली, त्याच्या गावी झालं. खाडीच्या वाऱ्याला माशांचा वास होता, आणि बाबा, जे कधी डोंगर सोडून गेले नव्हते, सारखे पाण्याकडे बघत होते. दारात तांदळाचं माप ठेवलेलं होतं. आत पाऊल टाकायच्या आधी नवरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या.

"नाव घे गो, नाव घे! एकदाच तर घ्यायचं, मग जन्मभर घ्यायचं नाय!"

मी उभी राहिले. बायका हसल्या, लाजते म्हणाल्या. मग हसणं कमी झालं. मग कुणीच हसेना. बाबांनी मान खाली घातली.

"लाजायचं ते किती?" त्याची आये म्हणाली. किडकिडीत, ताठ बाई. "पोराचं नाव तोंडात येत नाय, ती सून घरात कशी घेऊ मी? अपशकुन आहे हा. काय गो, मनात नाय का तुझ्या?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या सगळ्या दाटीत मला बोलायला दुसरं काहीही सुचलं असतं, फक्त तेवढंच येत नव्हतं.

तो माझ्याशेजारी उभा होता. मुंडावळ्या बाजूला करून तो म्हणाला, "आये, हिनं नाव घेतलंय."

"कधी? आम्ही नाय ऐकलं."

"मी ऐकलंय. मरणाच्या दारात उभा होतो तेव्हा घेतलं, म्हणून आज तुझ्या दारात उभा आहे. ते आता परत मागू नकोस तिच्याकडं. ह्यापुढं आमच्या दोघांची नावं मीच घेईन."

आणि त्यानं घेतली. यमक नाही, उखाणा नाही. आधी माझं नाव, मग स्वतःचं, गावातल्या शेवटच्या झोपडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

आयेला त्यातलं काय कळलं, देव जाणे. ती आमच्या दोघांकडं आलटून पालटून बघत राहिली. मग वाकली, दाटीत कलंडलेलं माप सरळ केलं, आणि म्हणाली, "उजवं पाऊल. आणि जोरात लाथाडू नको, तांदूळ चुलीपर्यंत जातात."

त्याला बरीच वर्षं झाली. त्यानं शब्द पाळला. काही काम नसतानाही तो मला नावानं हाक मारायचा. मी आले की "काय नाय गो" म्हणायचा. गावातल्या बायका माझं उदाहरण सुनांना देत, की काय मर्यादेची बाई, नवऱ्याचं नाव म्हणून चुकूनही तोंडातून निघत नाही. मीही ऐकून घ्यायचे. तो गेला तेव्हा मुलांनी त्याच्या कानाशी वाकून हाका मारल्या. मी त्याचा हात धरून बसले होते. आता मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. सगळ्यांची मी आजी आहे.

आमची नावं हवी असतील तर गावात कुणालाही विचारा, सांगतील. धाकट्या नातवाला त्याचंच नाव ठेवलंय. पोर दिवसभर खाडीवर असतं. जेवायची वेळ झाली की मी दारात जाते आणि टाळी वाजवते. सुनेला वाटतं म्हातारीचा आवाज पोचत नाही म्हणून. पोरगं मात्र त्या टाळीला बरोबर ओळखतं, आणि पाय न धुताच धावत येतं.